लाईट आली, अण्णा

अण्णा,

तेरावा होईपर्यंत तुझ्या घरात कुणालाच धड झोप लागली नाही. रडणं होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. विजेवर चालणारे आपले साड्यांचे माग बंद होते. तू गेलास त्या दिवशी सगळ्या गल्लीने माग थांबवले, आपल्या गल्लीची रीतच आहे तशी. शेजारचे दुसऱ्या दिवशी सुरू झाले, आपले मात्र तेराव्यापर्यंत बंद ठेवायचे ठरले. आणि शेजारच्या मागांच्या आवाजावर आपल्याला झोप येत नाही, घरचाच खडखडाट लागतो. माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा वडगावात आपल्या घरी मुक्कामाला आला तेव्हा त्याच खडखडाटाने त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तू सकाळी त्याला विचारलंस, "पाव्हणं, झोप झाली न्हवं?" तो भला माणूस हो म्हणाला. आपलं सगळं उलटं. माग चालू असले की घोरायचं आणि लाईट जाऊन ते थांबले की दचकून उठायचं. मग लाईट परत आली की घरात जो जागा असेल त्याने ओरडायचं, "लाईट आली!" आणि तू जेवत असलास तर हात धुऊन, झोपला असलास तर डोळे अर्धवट मिटलेलेच ठेवून, मागाकडे निघायचास.

झोपेचा विषय निघाला म्हणून सांगते, आपला वाद अर्धाच राहिलाय. तू मोठा भाऊ म्हणून मी पुष्कळ ठिकाणी माघार घेतली, पण इथे घेतली नाही. तूही घेतली नाहीस. मी भूलतज्ज्ञ झाले, बेळगावातच दवाखान्यात लागले आणि तू चारचौघांत माझी ओळख करून द्यायला लागलास, "ही आमची शालन. माणसं झोपवायचं काम करती." लग्नात, बाजारात, एकदा तर बसमध्ये कंडक्टरला. मी तिथल्या तिथे तुला दुरुस्त करायची.

"झोपवत न्हाय अण्णा, भूल देती."

"तेच की गं."

"तेच न्हाय."

मग माझं व्याख्यान सुरू. झोपलेल्या माणसाला हलवलं की तो उठतो, भूल दिलेला उठत नाही. झोपेत मेंदू आपलं काहीबाही करत असतो, कधी खोल जातो, कधी वर येतो, स्वप्नं बघतो. भुलीत त्याला आम्ही एका जागी धरून ठेवतो, औषध चालू आहे तोवर. तू सगळं मन लावून ऐकायचास आणि शेवटी म्हणायचास, "म्हंजे लई गाढ झोप." पालथ्या घड्यावर पाणी.

एका दिवाळीत मी चिडून तुला मागांवरूनच समजावलं होतं, आठवतं? आपण चहा पीत पायरीवर बसलो होतो आणि गल्लीत घराघरांतून माग चालू होते. मी म्हटलं, ऐक आता. ह्या घरातला भराभर चाललाय, त्या घरातला रेंगाळतोय, एकाच्या कांडीवरचा धागा संपला म्हणून तो थांबलाय. लांबून ऐकलं तर नुसता कालवा. जाग्या माणसाच्या कपाळाला पट्टी लावून मेंदूतली वीज पडद्यावर बघितली तर अशीच दिसते. बारीक, घाईची, एकीचा दुसरीला मेळ नसलेली रेघ. तो कालवा म्हणजेच सगळे कामात आहेत. आता समज, सगळ्या गल्लीचे माग एकाच वेळी थांबतात, एकाच वेळी आपटतात. ठक्. मग शांत. पुन्हा ठक्. आवाज मोठा होईल, लांबवर जाईल.

तू लगेच म्हणालास, "अशानं वीतभर कापड निघायचं न्हाय."

"तेच सांगाय लागली हाय. मेंदू बंद नसतोय. लाटा उलट मोठ्या होत्यात, सावकाश, सगळ्या मिळून. पण कापड निघत न्हाय."

"आन् औषध जास्त झालं तर?"

मी सांगितलं की मग मधेच आवाजच बंद होतो. रेघ सपाट. जरा वेळाने एक झुळूक यावी तशा लाटा येतात, की पुन्हा सपाट. आम्ही सहसा तिथपर्यंत जाऊ देत नाही, वय झालेल्या माणसांत तर डोळ्यात तेल घालून बघतो. सपाट दिसली की औषध कमी करतो.

"मग परत येतंय?"

"येतंय की."

"कुठनं येतंय?"

इथे मी अडकले. औषध उतरलं की येतं, एवढं मला ठाऊक होतं. पण तुझा प्रश्न तो नव्हता, आणि त्याचं पुरतं उत्तर आमच्या पुस्तकांतही नाही. मी म्हटलं, चहा गार होतोय. तू हसलास. तो चहा मात्र तू पुढे वर्षभर माझ्या नावावर खपवलास, मी कुठे अडले की "शालन, चहा गार हुतोय."

मग तुझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं. तू दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर सांगून मोकळा झालास, "भूल आमची शालनच देणार." मी नाही म्हटलं. घरच्या माणसाला आपण भूल देत नाही, अशी आमच्यात पद्धत आहे, असं सांगितलं. तुला ते पटलं नाही. "घरात शिंपीण आन् कपडं बाहेर शिवायचं," असं वहिनीला म्हणालास, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. त्या दिवशी माझ्यासोबतच्या कानडी डॉक्टरने भूल दिली आणि मी तुझ्या उशाशी उभी राहिले. दुधासारखं पांढरं औषध नळीतून जाताना बघून तू म्हणालास, "दूध चढवाय लागलासा व्हय?" वाक्य संपता संपता तुझे डोळे मिटले.

मी पडद्याकडे बघत होते. कालवा मोडला, लाटा मोठ्या झाल्या आणि थोड्या वेळासाठी, अगदी थोड्या वेळासाठी, तुझी रेघ सपाट झाली. माझ्या सोबत्याने शांतपणे हात पुढे करून औषध कमी केलं. मी हे रोज करते. रोज कुणाची तरी रेघ बघते आणि मला घाम फुटत नाही. त्या दिवशी मात्र मी तुझ्या खाटेची कड धरून ठेवली. लाटा परत आल्या तेव्हा मी मास्कच्या आत मोठ्याने श्वास सोडला.

ऑपरेशन झालं, औषध बंद केलं, आणि तू काही डोळे उघडेनास. रेघ बारीक व्हायला लागली होती, म्हणजे तू आसपासच होतास. माझा सोबती हाका मारत होता, "दत्तात्रय अवरे, कण्णु तेगीरी!" मग नर्सने मराठीत, "दत्तात्रय, डोळे उघडा." पण तुला दत्तात्रय म्हणून आयुष्यात कुणी हाक मारली होती? शाळेतल्या मास्तरांनी, बस्स. मला काय सुचलं कोण जाणे, मी वाकून म्हटलं, "अण्णा, लाईट आली."

तू डोळे उघडलेस. नुसते उघडले नाहीस, खाटेवरून पाय खाली सोडायला निघालास. चौघांनी तुला धरून ठेवलं. घसा कोरडा, आवाज घोगरा, आणि पहिलं वाक्य काय, तर "बटण दाबू नगा. आधी धागं बघा."

अख्खं थिएटर हसलं. लाईट अचानक गेली की माग मधेच थांबतो, धागे तुटलेले असतात, ते न बघता बटण दाबलं तर कापड वाया जातं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी हसले नाही. तू तोच होतास, धाग्यासकट. मला तेवढंच हवं होतं.

बरा झाल्यावर तू वाद पुन्हा उकरलास. वहिनीच्या माहेरी निपाणीला निघालो होतो, गाडी मी चालवत होते. तू एक गोष्ट मान्य केलीस, ती झोप नव्हती. "झोपंत येळ गेलेला कळतोय. ह्यात मधला तुकडाच कापून काढल्यावाणी." मी खूष. तेवढ्यात तू पुढचं काढलंस, "पर माग चालू व्हते. मी ऐकलंय." मी सांगितलं, जागं होताना स्वप्न पडलं असेल, पडतं पुष्कळांना. रेघ सपाट होती तेव्हा काही ऐकणं शक्य नाही.

"रेघ सपाट म्हंजे मी न्हवतो व्हय?"

"तसं न्हाय."

"लाईट गेली म्हणून ताणा जातोय व्हय? मागावर उभ्या धाग्यांचा ताणा हाय तसाच असतोय."

"तेच तर मी म्हणती! म्हणून तर माणूस परत येतोय."

"मग भांडतीस कशाला?"

"तू ऐकलं म्हणतोस म्हणून."

मागच्या सीटवरून वहिनी ओरडली, "दोघंबी गप बसा, मला मळमळतंय." हायवेच्या कडेला गाडी थांबवली. तिचं ओकून होईपर्यंत तू रस्त्याकडेला उभा राहून, समोरच्या तंबाखूच्या शेताकडे बघत, हळूच म्हणालास, "पर चालू व्हते." हेकट तो हेकट.

त्याच निपाणीहून तुला शेवटचं आणलं. वहिनीच्या भाच्याचा साखरपुडा होता, पंगतीत वाढता वाढता तू खाली बसलास आणि डोकं धरलंस. मेंदूत रक्तस्राव. बेळगावला पोचेपर्यंत तू बोलायचा थांबला होतास. व्हेंटिलेटर लावला, जे करायचं ते सगळं केलं, कुणाचं काही चुकलं नाही. मग मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून वीज बघितली आणि मला बोलावलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

सपाट. मी वाट बघितली. झुळूक येईल, येतेच. आली नाही. आणि माझा हात, अण्णा, माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, औषध कमी करायला. इतक्या वर्षांची सवय. तिथे कमी करायला काही चालूच नव्हतं. गुंगीची सगळी औषधं केव्हाच थांबवलेली होती. हात तसाच हवेत राहिला. मेंदूच्या डॉक्टरांनी तो धरून खाली ठेवला. लाईट गेलेली नव्हती. ताणा तुटला होता. इतरांना मी हे किती शांतपणे समजावून सांगत आले, आणि त्या दिवशी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभी राहिले, वहिनीकडे जायचं धाडस होईना.

वहिनीला मी डॉक्टरांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "शालन, तू हाक मार गं. मागं तू हाक मारल्यावरच उठलते."

तिच्या मनात ते केव्हापासून घर करून बसलं होतं. तूच तर गल्लीभर सांगितलं होतंस, दवाखान्यातल्या सगळ्यांनी हाका मारल्या आणि आमच्या शालनने बरोबर उठवलं. आता मी हाक मारली आणि तू उठला नाहीस, तर वहिनीला सगळं कळणार होतं. खरं सांगू, मलासुद्धा. पडद्यावरचं मला वाचता आलं होतं, पण हाक मारायची राहिली होती तोवर काहीतरी शिल्लक होतं. मी म्हटलं, "उद्या बघू वहिनी." ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

आम्ही दोघी आत गेलो. तिने तुझा हात हातात घेतला. विड्या वळून वळून घट्टे पडलेली तिची ती बोटं, त्यात तुझा हात. मी तुझ्या कानाशी वाकले. इतक्या जवळून तुझ्या केसांतला खोबरेल तेलाचा वास अजून येत होता.

"अण्णा, लाईट आली."

तुझ्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. माझी नजर रेघेवर होती. वहिनी मात्र तुझ्या तोंडाकडे बघत होती. मग ती म्हणाली, "ऐकलं असंल न्हवं गं त्यास्नी?"

"व्हय वहिनी. ऐकलं."

निपाणीच्या रस्त्यावर तुझ्याशी जिच्यासाठी भांडले ती गोष्ट मी एका शब्दात सोडून दिली. मी हरले असं समजू नकोस. माझं ज्ञान अजूनही नाहीच म्हणतं. पण तिथे ते ज्ञान बाहेर काढून मी काय करणार होते? आणि माझ्या मनात, वहिनीपेक्षा जास्तच असेल, असं होतं की तुझं खरं ठरावं, एकदाच, मला खोटं पाडून. वहिनीने तुझ्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "मग आता त्रास नगो त्यास्नी." पुढचं सगळं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

एक सांगायचं राहिलं. भूल न देण्याचं कारण ती पद्धत नव्हती, अण्णा. पद्धत आहे, पण मी हट्ट धरला असता तर कुणी अडवलं नसतं. मला भीती वाटली होती. तुझी रेघ सपाट झाली तर माझा हात पुढे जाणार नाही, मी तिथेच खुळ्यासारखी बघत राहीन, अशी भीती. तुला वाटलं बहिणीला मोठेपणा चढला. तू शिंपिणीचं बोललास तेव्हाच सांगायला हवं होतं, की तू मला इतका प्रिय आहेस की तुझ्या उशाशी मी डॉक्टर राहत नाही. आपल्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. आपण चहा गार होतोय म्हणतो.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी माग सुरू करायचे होते तर नेमकी लाईट नव्हती. कुठे काम चाललं होतं म्हणे, दुपारी येईल. जेवणं झाली. तुझी पोरं परगावी परत गेली होती, घरात वहिनी आणि मी. मी मागाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. बंद मागावर तुझी अर्धी साडी तशीच होती, मोरपंखी रंगाची. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

वरचा पंखा फिरायला लागला आणि आतून वहिनीचा खणखणीत आवाज आला,

"अहो, लाईट आली!"

मग भांड्यांचा आवाज थांबला. पंखा फिरत राहिला. ती बाहेर आली नाही आणि मला आत जायचा धीर झाला नाही. ती हाक घरभर तशीच उभी होती, आणि तिला ओ द्यायला मागाकडे कुणी निघालं नव्हतं.

मी उठले. आधी धागे बघितले. दोन तुटले होते. लहानपणी सुट्टीत तू मला गाठ शिकवायचास आणि माझी गाठ बघून म्हणायचास, "ह्या गाठीला म्हस बांधावी." माणसांच्या शिरेत सुई घालणाऱ्या माझ्या बोटांना ती गाठ अजूनही जमत नाही. एक कशीबशी जमली. दुसरी म्हशीचीच झाली. मग बटण दाबलं.

खडखडाट सुरू झाला. काही वेळाने वहिनी आली, ओले हात पदराला पुसत. मी मारलेली गाठ तिने बघितली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसली. मागाकडे बघता बघता तिची मान कलली, तोंड थोडं उघडं पडलं आणि ती चक्क घोरायला लागली. ती झोप होती, अण्णा. हलवली असती तर उठली असती. मी हलवली नाही.